दिसत नाही ते गाळायचं

आवाज तारेतून पाठवणं १८७६ मध्ये जमलं. हलतं चित्र पाठवायला माणसाला त्यानंतर आणखी पन्नास वर्षं लागली, आणि या उशिराचं कारण अगदी मुळातलं आहे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. कोणत्याही एका क्षणी कानाच्या पडद्यावर दाब एकच असतो, थोडा कमी किंवा थोडा जास्त. तो चढउतार विजेच्या प्रवाहात उतरवला की एका तारेवर काम भागतं. चित्राचं तसं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा घ्या. कपाळावर उजेड वेगळा, नाकाशेजारची सावली वेगळी, डोळ्यांतली चमक वेगळी, आणि हे सगळं एकाच क्षणी हजर. हजार ठिकाणचा हजार प्रकारचा उजेड एकाच तारेतून जाणार कसा?

बोस्टनच्या जॉर्ज कॅरी यांनी १८८० च्या सुमारास याला सरळ उत्तर दिलं होतं: जितके ठिपके, तितक्या तारा. कागदावर यात चूक काहीच नव्हती. पण ओळखू येईल असा चेहरा उमटवायला काही हजार ठिपके लागतात, आणि तेवढ्या तारा एका खोलीतून शेजारच्या खोलीत नेणंही कठीण. एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणं तर दूरच.

टीव्हीच्या तंत्राचा सगळा इतिहास मला या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो. ती सोडवताना अभियंत्यांनी टप्प्याटप्प्यावर एकच प्रश्न विचारला: माणसाच्या डोळ्याला काय दिसत नाही? जे दिसत नाही ते पाठवायचं कशाला? आपल्या घरातला टीव्ही उभा आहे तो या गाळण्याच्या कलेवर.

उजेडाची वीज करता येते हे कळलं तेही आडवाटेनं. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेण्यासाठी विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याला फार मोठा विद्युतरोध असलेला पदार्थ हवा होता. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या. मोजमापं मात्र काही केल्या जुळेनात, कारण कांडीवर उजेड पडला की तिचा रोध कमी व्हायचा आणि झाकली की पुन्हा वाढायचा. १८७३ मध्ये स्मिथ यांनी हे जाहीर केलं. उजेडातला फरक विजेतला फरक होऊ शकतो, म्हणजे निम्मं काम झालं. उरलं ते चित्राची ओळ करण्याचं.

ते केलं बर्लिनमधल्या पॉल निपकोव्ह या २३ वर्षांच्या विद्यार्थ्यानं. जानेवारी १८८४ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्याची युक्ती कागदावर चटकन समजते. एक गोल चकती घ्यायची, तिला कडेपासून आत सरकत जाणाऱ्या वळशात भोकं पाडायची आणि चित्रासमोर ती फिरवायची. पहिलं भोक चित्राच्या वरच्या टोकावरून आडवं सरकतं, दुसरं त्याच्या किंचित खालून, तिसरं आणखी खालून. एक फेरी पूर्ण झाली की सगळं चित्र ओळीओळीनं नजरेखालून गेलेलं असतं, आणि भोकामागच्या सेलेनियमला दर क्षणी एकाच ठिपक्याचा उजेड दिसलेला असतो. विणलेला स्वेटर उसवून त्याचा लांबच लांब धागा करावा, तो धागा दुसऱ्या गावी पाठवावा आणि तिथे त्याच घरांच्या हिशेबानं पुन्हा विणावा, तसं हे आहे. अट एवढीच, की दोन्हीकडच्या चकत्या अगदी एका लयीत फिरल्या पाहिजेत आणि शेवटची ओळ उमटेपर्यंत डोळा पहिली ओळ विसरता कामा नये. डोळ्यावर पडलेल्या उजेडाचा ठसा क्षणभर टिकतो. टीव्हीनं डोळ्याकडून घेतलेली ही पहिली सवलत.

निपकोव्हनं हे यंत्र बांधलं नाही, आणि त्या काळात ते बांधता आलंही नसतं. एका बारीक भोकातून येणाऱ्या उजेडानं निर्माण होणारी वीज इतकी क्षीण असते, की ती वाढवल्याशिवाय तिचा उपयोग नाही. वीज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हचा जन्म विसाव्या शतकातला. तोवर पेटंटची मुदत संपून गेली होती.

त्यानंतर ती चकती उचलली स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्ड यांनी. लंडनच्या सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर माडीवरच्या खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्यांच्या पडद्यावर एका बाहुल्याचं डोकं स्पष्ट उमटलं. मग खालच्या मजल्यावरच्या कचेरीतला विल्यम टेन्टन नावाचा पोऱ्या दिव्यांच्या झगझगाटात बसवला गेला, आणि त्याचा चेहरा शेजारच्या खोलीत दिसला. २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्ड यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांपुढे प्रयोग करून दाखवला.

बेअर्ड यांच्या चित्राचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात आहे. त्यांच्या प्रक्षेपणातल्या चित्रात ३० ओळी होत्या, त्याही उभ्या. एका ओळीत सुमारे ७० ठिपके धरले तर सगळं चित्र २१०० ठिपक्यांचं. अशी सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे सेकंदाला जेमतेम २६ हजार ठिपके. एवढा मजकूर साध्या रेडिओ केंद्रावरून पाठवता येतो, आणि १९२९ पासून बीबीसीनं आपल्या रेडिओच्या ट्रान्समीटरवरून तो पाठवलाही. सुरुवातीला ट्रान्समीटर एकच मिळत असल्यानं चित्र आणि आवाज पाळीपाळीनं जात. १९३० मध्ये दुसरा ट्रान्समीटर मिळाला, तेव्हा बोलणारा माणूस बोलताना दिसू लागला.

तीस ओळींत एक चेहरा मावतो. दोन चेहऱ्यांना दाटी होते आणि क्रिकेटचं मैदान तर अशक्यच. ओळी वाढवायच्या तर चकती आडवी येते. ओळी दुप्पट केल्या की ठिपके चौपट होतात, भोकं आणखी बारीक करावी लागतात, आणि बारीक भोकातून उजेड आणखी कमी येतो. बेअर्ड यांच्या चिकाटीला तोड नव्हती, पण त्यांनी धरलेली वाट पुढे बंद होती.

दुसरी वाट तोवर जुनी झाली होती. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये काचेच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकानं हवा तसा वळवून दाखवला होता. झोत जिथे आदळतो तिथे नळीचा लेप घातलेला पडदा चमकतो. इलेक्ट्रॉनला वजन जवळजवळ नसल्यामुळे तो झोत कोणत्याही फिरत्या चकतीपेक्षा कितीतरी वेगानं पडदाभर ओळी ओढू शकतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये बोरिस रोझिंग यांनी १९०७ मध्ये चित्र उमटवायला अशा नळीचं पेटंट मागितलं. १९०८ मध्ये लंडनच्या कॅम्पबेल स्विंटन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं पत्र लिहून दोन्ही टोकांना, म्हणजे कॅमेऱ्यातही आणि घरातही, झोताची नळीच वापरावी असं सुचवलं. जपानच्या हामामात्सुमध्ये केन्जिरो ताकायानागी यांनी २५ डिसेंबर १९२६ रोजी ब्राऊनच्या नळीवर जपानी लिपीतलं एक अक्षर उमटवून दाखवलं. त्यांच्या कॅमेऱ्यात मात्र अजून निपकोव्हची चकतीच होती.

कॅमेऱ्यातूनही चकती काढून टाकली ती अमेरिकेतल्या फायलो फार्न्सवर्थनं. आयडाहोमधल्या शेतावर वाढलेल्या या मुलानं नांगरलेल्या तासांकडे पाहून चित्र ओळीओळीनं वाचायची कल्पना केली, असं सांगतात. त्याबद्दल पुरावा मागता येणार नाही. पण शाळेत असताना त्यानं आपल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाला कॅमेऱ्याची आकृती काढून दाखवली होती, याला मात्र पुरावा आहे: त्या शिक्षकाची साक्ष पुढे पेटंटच्या खटल्यात कामी आली. ७ सप्टेंबर १९२७ रोजी, वयाच्या २१व्या वर्षी, फार्न्सवर्थनं सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या नळीतून एक सरळ रेघ पाठवली. कुठलाही हलता भाग नसलेला तो पहिला टीव्ही.

फार्न्सवर्थच्या कॅमेऱ्यात एक मोठी उणीव होती, आणि ती समजली की पुढचं सगळं समजतं. चित्रात दोन लाख ठिपके असतील तर त्याच्या नळीला एका वेळी त्यांतला एकच दिसायचा. बाकी सगळ्या ठिपक्यांवर पडणारा उजेड त्या क्षणी वाया. म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा दोन लाखांतला एकच भाग उपयोगी पडायचा. म्हणून दृश्यावर डोळे दिपवणारे दिवे लावावे लागत.

यावरचा उपाय हंगेरीच्या काल्मान तिहान्यी यांनी १९२६ मध्येच मांडला होता. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचं विजेचं साठवण द्यायचं. झोत दुसरीकडे फिरत असताना उजेड पडतच असतो. त्यातून निर्माण होणारा विद्युतभार त्या ठिपक्यावर जमत राहू द्यायचा, आणि झोत फिरून आला की जमलेलं सगळं एकदम उचलायचं. उजेड वाया जात नाही. रोझिंग यांचे विद्यार्थी व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी अमेरिकेत आरसीए कंपनीसाठी याच तत्त्वावर ‘आयकोनोस्कोप’ नावाची कॅमेऱ्याची नळी तयार केली. तिच्या पडद्यावर चांदीचे असंख्य सूक्ष्म कण एकमेकांपासून अलग बसवलेले होते आणि प्रत्येक कण उजेडाची नोंद धरून ठेवत होता.

टीव्ही कोणी शोधला, या प्रश्नावर बेअर्ड, फार्न्सवर्थ आणि झ्वोरिकिन यांचे पाठीराखे अजून भांडतात. पेटंटच्या लढाईत फार्न्सवर्थ जिंकला आणि १९३९ मध्ये आरसीएला त्याच्याकडून परवाना घ्यावा लागला. माझ्या मते सगळ्यांत मोठी झेप साठवणाची होती, आणि तिहान्यी यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं. आणखी एक नाव त्यांच्याशेजारी हवं, ते रोझिंग यांचं. स्टालिनच्या राजवटीत १९३१ मध्ये त्यांना अटक करून उत्तरेला हद्दपार केलं गेलं आणि दोनच वर्षांत ते वारले. त्यांच्या विद्यार्थ्यानं सांभाळलेली त्यांची नळी तोवर जगभर जायला निघाली होती.

इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीच्या आयझॅक शोनबर्ग यांच्या चमूनं याच जातीची नळी बनवली आणि ४०५ ओळींची पद्धत बांधली. नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचं नियमित प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा बेअर्ड यांची २४० ओळींची पद्धत आणि ईएमआयची पद्धत आलटून पालटून वापरायची असं ठरलं होतं. बेअर्ड यांच्या स्टुडिओत आधी फिल्मवर चित्रीकरण व्हायचं, ती फिल्म तिथल्या तिथे रसायनांत धुतली जायची आणि ओली असतानाच सुमारे मिनिटभरानं तिच्यावरून चित्र वाचलं जायचं. कॅमेरा जागचा हलत नसे. तीनच महिन्यांत निकाल लागला आणि बेअर्ड यांची पद्धत बंद झाली.

डोळ्याची दुसरी सवलत या ४०५ ओळींत घेतली गेली. हालचाल अखंड दिसायला सेकंदाला पंचवीसेक चित्रं पुरतात, पण पडदा लुकलुकू नये यासाठी पन्नासच्या आसपास झळक्या लागतात. सिनेमात एकच चित्र दोनदा दाखवून हे साधतात. टीव्हीत चित्र साठवून ठेवायची सोय नव्हती, आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रं पाठवायची तर मजकूर दुप्पट होतो. तेव्हा अशी तोड काढली, की आधी १, ३, ५ अशा विषम ओळी पाठवायच्या, मग २, ४, ६ अशा सम ओळी. पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो, पाठवावा लागतो मात्र २५ चित्रांचाच मजकूर. डोळ्याला दोन्ही अर्धी चित्रं एकच वाटतात. पन्नास हा आकडाही घरातल्या विजेचा, कारण ब्रिटनमध्ये, आणि आपल्याकडेही, ती सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. अमेरिकेत ती ६० आवर्तनं करते, म्हणून तिथली अर्धी चित्रं ६०.

ओळींचे आकडेही उगाच निवडलेले नाहीत. अमेरिकेच्या ५२५, ब्रिटनच्या ४०५, आपल्या ६२५. सगळे विषम, कारण ओळींची संख्या विषम असली की प्रत्येक अर्धं चित्र अर्ध्या ओळीवर संपतं आणि पुढचं आपोआप मधल्या फटींत बसतं. शिवाय ६२५ म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच. त्या काळच्या सर्किटांना तीननं, पाचनं, सातनं भाग देणं भरवशानं जमत असे. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकी ६२५ ओळी, म्हणजे झोताच्या १५,६२५ फेऱ्या. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून लहान मुलांना ऐकू येणारी बारीक शीळ ती याच फेऱ्यांची. आणि झोताची लय केंद्राच्या लयीशी जुळली नाही की चित्र खालून वर पळत सुटायचं. मागचं ‘व्हर्टिकल होल्ड’चं बटण फिरवणं म्हणजे निपकोव्हच्या दोन चकत्या पुन्हा एका लयीत आणणं.

ओळी वाढल्या तशी एक किंमतही मोजावी लागली. ६२५ ओळींचं चित्र रेडिओच्या मध्यम लहरींवर मावत नाही. त्याला आवाजाच्या शेकडोपट रुंद जागा लागते, आणि ती फक्त फार वरच्या कंपनसंख्येच्या लहरींवर मिळते. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीच्या वळणाबरोबर त्या वळत नाहीत, डोंगर ओलांडत नाहीत. म्हणून विविध भारती कुठेही लागायचं, टीव्हीला मात्र उंच मनोरा लागायचा.

महाराष्ट्रात हे फार स्पष्ट दिसलं. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं, मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मुंबई ते पुणे अंतर फार नाही, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी घाटावर अडायच्या. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा तो गड पुण्याच्या गच्च्यांवरून सरळ दिसतो, आणि टीव्हीच्या लहरींना तेवढंच हवं असतं. पुण्यातले अँटेना कितीतरी वर्षं सिंहगडाकडे तोंड करून उभे होते. अँटेना जरा हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या. या मुंग्या म्हणजे आजूबाजूच्या विजेचा, संचातल्या सर्किटांचा आणि आकाशातून येणाऱ्या लहरींचा गोंधळ. त्यातला अगदी लहानसा वाटा विश्वाच्या आरंभापासून पसरत आलेल्या किरणांचाही असायचा.

प्रत्येक डोंगरावर सिंहगड उभा करणं शक्य नव्हतं. विक्रम साराभाई यांनी साठच्या दशकातच याचं उत्तर आकाशात शोधलं होतं: मनोरा ३६ हजार किलोमीटर उंच नेला की वाटेत डोंगर येतच नाही. साराभाई १९७१ मध्ये गेले. त्यांची कल्पना १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात प्रत्यक्षात आली. नासानं आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताकडे वळवला, आणि आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत एकेक टीव्ही संच लागला. ‘साइट’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाच्या मुख्य आखणीकारांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते.

साइटमधली अभियांत्रिकीची निवड मला फार शहाणपणाची वाटते. उपग्रहाकडून येणारा संदेश क्षीण असतो. तो पकडायला एकतर जमिनीवर प्रचंड डिश हवी किंवा आकाशात. एटीएस-६ वर नऊ मीटर व्यासाची छत्रीसारखी उघडणारी डिश होती. त्यामुळे गावातली डिश तीन मीटरची आणि साध्या तारेच्या जाळीची असली तरी चालली. ती गावातल्या माणसांना दुरुस्त करता येण्याजोगी होती. शहरांत अजून घरोघर टीव्ही नव्हता, तेव्हा वीज नसलेल्या काही गावांत बॅटरीवर चालणाऱ्या संचापुढे माणसं शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम पाहत होती, आणि ते थेट उपग्रहावरून येत होते. तोवर जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कोणी केलं नव्हतं. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आला आणि त्याचा संदेश पकडणारे लहान ट्रान्समीटर गावोगावी उभे राहिले, ते याच अनुभवाच्या बळावर.

रंगाची कथा थोडी मागून सुरू होते. अमेरिकेत १९५० मध्ये सीबीएस कंपनीच्या रंगीत पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली. तिच्यात लाल, हिरव्या, निळ्या काचांचं चाक कॅमेऱ्यापुढे आणि पडद्यापुढे फिरत असे. रंग सुरेख दिसत, पण तोवर विकल्या गेलेल्या सुमारे एक कोटी कृष्णधवल संचांवर हे चित्र दिसतच नसे. पद्धत बारगळली. (तेच चाक पुढे १९६९ मध्ये अपोलो-१० च्या कॅमेऱ्यातून अवकाशात गेलं.) १९५३ मध्ये मान्य झालेल्या पद्धतीनं उलटी दिशा घेतली. आधी पूर्वीसारखंच कृष्णधवल चित्र पूर्ण बारकाव्यानिशी पाठवायचं, म्हणजे जुने संच चालू राहतील. आणि रंगाची माहिती त्याच जागेत, चित्राच्या लहरींमधल्या मोकळ्या फटींत बसवायची.

एवढ्याशा जागेत रंग मावला तो डोळ्याच्या तिसऱ्या सवलतीमुळे. उजेड-सावलीचा बारीक तपशील आपल्याला चटकन दिसतो, रंगाचा तपशील मात्र ढोबळच. साडीच्या काठावरची नक्षी डोळा ओळखतो ती उजळ-काळ्या फरकावरून. त्यावर रंग थोडा पसरलेला असला तरी खटकत नाही. म्हणून आपल्याकडच्या पाल पद्धतीत उजेडाला सुमारे ५ मेगाहर्ट्झ जागा मिळाली, तर रंगाच्या प्रत्येक घटकाला जेमतेम १.३. पाल ही जर्मनीच्या वॉल्टर ब्रुख यांची. अमेरिकी पद्धतीत वाटेत संदेश जरा विस्कटला की चेहरे हिरवट किंवा जांभळट व्हायचे. ब्रुख यांनी एक ओळ सोडून दुसऱ्या ओळीत रंगाचा एक घटक उलटा पाठवला. एका ओळीत चूक हिरव्याकडे गेली तर पुढच्या ओळीत ती तेवढीच जांभळ्याकडे जाते, आणि दोन्ही मिळून रंग जागेवर येतो. भारतात १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी आणि मग नोव्हेंबरच्या एशियाडला लोकांनी रंगीत टीव्ही पाहिला, तो पाल पद्धतीचा.

आकड्यांचं युग आलं तसा पुन्हा तोच प्रश्न आला, आता हजारपट मोठा होऊन. साधं ६२५ ओळींचं चित्र आकड्यांत मांडलं तर सेकंदाला १६ कोटींहून जास्त बिट लागतात. हाय डेफिनिशनला दीडशे कोटींच्या आसपास. एवढं कुठल्याच वाहिनीत मावत नाही. यातून वाट काढली ती बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्या गणितानं. अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत असताना त्यांनी या संशोधनासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोन ‘ढोबळ फरक’ आणि ‘बारीक फरक’ अशा घटकांत मांडायचा. बहुतेक चौकोनांत भिंत, आकाश, गाल असं काहीतरी असतं आणि तिथे ढोबळ घटकच महत्त्वाचे असतात. बारीक घटक डोळ्याला जेमतेम जाणवतात. ते कमी अचूकतेनं पाठवायचे किंवा सोडूनच द्यायचे. त्यात मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं हा नियम घातला, की १६ कोटींचे चाळीस-पन्नास लाख होतात. एका जुन्या वाहिनीच्या जागेत आठ-दहा वाहिन्या बसतात. सेट टॉप बॉक्समागचं हेच गणित. पावसात डिशचं चित्र फुटतं आणि पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात, तेव्हा आपण या गणिताचे ठोकळे उघड्या डोळ्यांनी पाहत असतो.

पडदा सपाट झाला ती घडामोडही मोठी, पण तिचं मर्म थोडक्यात सांगता येतं. १८८८ मध्ये फ्रिड्रिश राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या एका पदार्थात वितळण्याचे दोन टप्पे सापडले; मधल्या टप्प्यात तो द्रव असूनही त्यातले रेणू स्फटिकासारखे रांगेत उभे असत. वीज दिली की हे रेणू वळतात आणि उजेड अडवतात किंवा सोडतात. पण लाखो ठिपक्यांपैकी प्रत्येकाला चित्र बदलेपर्यंत आपली स्थिती धरून ठेवता आली पाहिजे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत पीटर ब्रोडी यांनी प्रत्येक ठिपक्यामागे एकेक ट्रान्झिस्टर बसवून तो विद्युतभार साठवला. कॅमेऱ्यासाठी तिहान्यी यांनी सुचवलेलं साठवण पन्नास वर्षांनी पडद्यावर आलं. १९८८ मध्ये जपानच्या शार्प कंपनीनं १४ इंची रंगीत पडदा दाखवला आणि काचेच्या जड नळीचे दिवस भरले. आता ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, आणि काळा ठिपका खरोखरच विझलेला असतो.

आज साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, बेअर्ड यांच्या जवळजवळ हजारपट. ४-के पडद्यावर त्याच्या चौपट, ८-के वर सोळापट. इथे आपला जुना प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे: डोळ्याला यातलं दिसतं किती? निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखतो. या हिशेबानं ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके सव्वादोन मीटरपलीकडून वेगळे दिसत नाहीत. ४-केचे ठिपके एक मीटर दहा सेंटीमीटरपलीकडून दिसत नाहीत. ८-केचा पूर्ण फायदा डोळ्यांनी घ्यायचा तर त्याच पडद्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर बसावं लागेल.

म्हणजे १९२६ पासून डोळ्याला न दिसणारं गाळत आलेला हा उद्योग आता डोळ्याला न दिसणारं विकू लागला आहे. नवा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा आधी घरी टेप लावून सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ते तीन मीटर असेल आणि पडदा ५५ इंचांचा घ्यायचा असेल, तर नुसत्या ठिपक्यांच्या संख्येसाठी जास्त पैसे मोजू नका. काळा रंग किती गडद दिसतो, खिडकीतून ऊन येत असताना चित्र पुरेसं उजळ राहतं का आणि बाजूनं पाहताना रंग फिकटतात का, हे दुकानात उभं राहून तपासा. हा फरक तुमच्या डोळ्यांना रोज दिसणार आहे. पैसे त्यासाठी खर्च करा.